आय-८६४ : आधी हिशोब, मग कागद, फॉर्म सगळ्यात शेवटी

आय-८६४ म्हणजे अमेरिकेत बोलावलेल्या माणसाची आर्थिक हमी देणारा फॉर्म, आणि ती हमी देणारा तो स्पॉन्सर. वर्षाला ९०,००० डॉलर कमावणाऱ्याची फाइल परत येते आणि ३०,०००वाल्याची पहिल्याच खेपेला पुढे सरकते. नात्यागोत्यातल्या आणि मित्रमंडळींच्या फाइली बघताना हे मी बऱ्याचदा पाहिलंय. परत आलेल्या फाइलीत पैसा कमी नसतो. फॉर्मवर एक आकडा असतो, टॅक्स रिटर्नवर दुसरा, आणि कंपनीच्या पत्रात तिसराच. फाइल तपासणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतात, आणि ते एकमेकांशी भांडत असतील तर तो फाइल बाजूला ठेवतो.

गोंधळाचं मूळ क्रमात आहे. लोक आधी फॉर्म उघडतात, आठवेल तो आकडा लिहितात आणि मग त्याला जुळणारे कागद शोधत बसतात. खालचा क्रम बरोबर उलटा आहे.

हा लेख अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक भारतातल्या नवऱ्याला किंवा बायकोला इमिग्रंट व्हिसावर बोलावतो आहे, आय-१३० हा नात्याचा अर्ज मंजूर होऊन फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे आली आहे, अशा जोडप्यांसाठी आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने जोडीदाराला एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर नेणं हा वेगळा विषय, तिथे आय-८६४ लागतच नाही. लग्नाआधीच्या के-१ व्हिसाला आय-१३४ हा निराळा फॉर्म असतो. तो भरून आय-८६४चं काम भागत नाही.

टप्पा १ : स्पॉन्सर कोण, हे पक्कं करा

ज्याने आय-१३० भरला त्यालाच मुख्य स्पॉन्सर म्हणून आय-८६४ भरावा लागतो. त्याचं उत्पन्न शून्य असलं तरी. मुलगा अजून शिकतोय म्हणून त्याच्या जागी काकांनी फॉर्म भरला, असं चालत नाही. काकांचा फॉर्म त्याच्या फॉर्मच्या जोडीला लागतो, त्याच्याऐवजी नाही.

स्पॉन्सर १८ वर्षांचा हवा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा, आणि त्याचं वास्तव्य अमेरिकेत हवं. हे तिसरं कलम पुण्यात किंवा ठाण्यात जोडीदारासोबत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांना नडतं. 'व्हिसा मिळाला की दोघं एकदमच जाऊ' एवढं म्हणून भागत नाही. जोडीदाराच्या आधी किंवा त्याच्याबरोबर तुम्ही परत जाऊन तिथे घर मांडणार आहात, हे कागदावर दिसावं लागतं. भाडेकरार, नोकरीचं पत्र, चालू असलेलं अमेरिकी बँक खातं, मुलांच्या शाळेचा प्रवेश, ड्रायव्हिंग लायसन्स असं जे असेल ते जमवा. एकच कागद सगळं सिद्ध करत नाही, चार-पाच मिळून चित्र उभं राहतं.

आणखी एक. भारतात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकालाही त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचं अमेरिकी रिटर्न भरावं लागतं. 'इथे टॅक्स भरतोय की' म्हणून तिकडचं सोडून दिलं असेल, तर आधी राहिलेली रिटर्न भरा. तोवर पुढचे टप्पे वाचून उपयोग नाही.

टप्पा २ : घरातली डोकी मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'आम्ही दोघंच' हे उत्तर तोंडावर असतं आणि अनेकदा चुकीचं असतं. कागद घ्या आणि या क्रमाने लिहा :

१. तुम्ही स्वतः.
२. ज्याला बोलावताय तो जोडीदार.
३. तुमची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, भारतात आजीकडे राहत असली तरी.
४. शेवटच्या टॅक्स रिटर्नवर तुम्ही अवलंबून म्हणून दाखवलेलं आणखी कोणी.
५. पूर्वी ज्यांच्यासाठी तुम्ही आय-८६४वर सही केली आणि ज्यांची जबाबदारी अजून संपलेली नाही, ते सगळे.

पाचव्या ओळीत फसायला होतं. आई-बाबांना चार वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आणलं असेल, तर आता बायकोला आणताना घर चौघांचं आहे, मग ते तुमच्याकडे राहोत की बहिणीकडे. मित्राच्या बायकोसाठी कधीकाळी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे जोडीचा हमीदार, झाला असाल तर तीही मोजायची. उलट, गावी राहणारे आणि तुमच्या रिटर्नवर नसलेले आई-वडील मोजायचे नाहीत, त्यांना दर महिन्याला पैसे पाठवत असलात तरीही.

*सावध :* जोडीदाराला दोनदा मोजू नका. फॉर्ममध्ये 'ज्यांना स्पॉन्सर करतोय' असा एक रकाना आहे आणि 'पती किंवा पत्नी' असा दुसरा. बोलावताय तोच जोडीदार पहिल्यात येऊन गेलेला असतो. दुसऱ्यातही १ लिहिला की दोघांचं घर तिघांचं होतं आणि लागणारी रक्कम उगाच वाढते.

टप्पा ३ : लागणारा आकडा काढा

अमेरिकी सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचा तक्ता काढतं. तुमचं उत्पन्न त्या रेषेच्या १२५ टक्के हवं. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्याला जोडीदारासाठी १०० टक्के पुरतात. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे १२५ टक्क्यांचा आकडा दोघांच्या घराला २६,४३७ डॉलर, तिघांना ३३,३१२ आणि चौघांना ४०,१८७ होता. पुढच्या प्रत्येक माणसामागे ६,८७५ वाढत होते. अलास्का आणि हवाईचे आकडे याहून जास्त आहेत. फॉर्म सादर करताना जो तक्ता चालू असेल तोच धरायचा. त्याचं नाव आय-८६४पी, आणि तो यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर असतो. नात्यातल्या कुणी दोन वर्षांपूर्वी पाठवलेला फोटो वापरू नका.

आकडा जेमतेम गाठणारी फाइल कायद्याने चालते. तरी तुमचा पगार रेषेच्या हजार-दीड हजार डॉलरच वर असेल, तर टप्पा ६ आधीच वाचून ठेवा. कामाचे तास कमी झाले की आकडा खाली घसरतो.

टप्पा ४ : तुमचं उत्पन्न नक्की किती

फॉर्ममध्ये उत्पन्न दोन ठिकाणी विचारतात आणि प्रश्न दोन वेगळे आहेत. एका ठिकाणी तुमचं *चालू* वार्षिक उत्पन्न, म्हणजे आजच्या नोकरीत या वर्षी मिळेल ते. दुसऱ्या ठिकाणी टॅक्स रिटर्नवरचं एकूण उत्पन्न, म्हणजे १०४० फॉर्मवर 'टोटल इन्कम' म्हणून छापलेली ओळ. लोक दोन्हीकडे एकच आकडा टाकतात, किंवा रिटर्नच्या जागी पगाराचं पॅकेज लिहितात. दोन आकडे वेगळे असले तर बिघडत नाही. का वेगळे आहेत ते कागदावरून कळलं पाहिजे, एवढंच.

पगारदारासाठी : कंपनीच्या लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम की कंत्राटी, आणि वार्षिक पगार लिहिलेलं पत्र. सोबत गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. पत्रातला पगार आणि स्लिपांवरून निघणारा वर्षाचा पगार जुळतो का, हे कॅल्क्युलेटर घेऊन बघा. बोनस धरायचा असेल तर तोही पत्रात यायला हवा.

धंदा करणाऱ्यासाठी : शेड्यूल सी, म्हणजे रिटर्नमधल्या धंद्याच्या नफा-तोट्याच्या पानावरचा निव्वळ नफा म्हणजे तुमचं उत्पन्न. गॅस स्टेशनचा गल्ला वर्षाला दोन लाख असेल आणि खर्च वजा जाता रिटर्नवर १८,००० उरले असतील, तर तुमचं उत्पन्न १८,०००. टॅक्स वाचवायला जे खर्च दाखवले ते इथे उलटतात. रोखीने घेतलेले आणि रिटर्नवर न आलेले पैसे तर या हिशोबात नसल्यातच जमा.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक घरात निघतो : 'तिला इथे महिन्याला दीड लाख पगार आहे, तो धरता येईल का?' नाही. जोडीदाराचं उत्पन्न तेव्हाच धरतात, जेव्हा ते अमेरिकेत गेल्यावरही *त्याच* ठिकाणाहून कायदेशीरपणे चालू राहणार असेल. हिंजवडीतली नोकरी सोडून ती येणार असेल तर तो पगार शून्य. तिकडे गेल्यावर नोकरी मिळेलच, हाही पुरावा होत नाही.

टप्पा ५ : टॅक्सचे कागद, आणि 'सिंगल'ची चूक

सगळ्यात अलीकडच्या वर्षाचं फेडरल रिटर्न लागतं. आधीच्या दोन वर्षांची रिटर्न जोडणं ऐच्छिक आहे. त्यांनी फायदा होत असेल तरच जोडा. १०४०ची प्रत दिली तर सगळी शेड्यूल (जोडपत्रं) आणि डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), १०९९ (इतर उत्पन्नाचा दाखला) सोबत लागतात, आणि त्यातलंच एखादं पान राहतं. म्हणून माझा आग्रह आयआरएस या अमेरिकी टॅक्स खात्याच्या साइटवरून टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा अधिकृत उतारा, काढण्याचा असतो. फुकट मिळते आणि त्यात पानं गाळायला वाव नाही. मात्र रिटर्न दोघांचं एकत्र असेल आणि तुम्ही फक्त स्वतःचं उत्पन्न दाखवत असाल, तर ट्रान्सक्रिप्टसोबतही स्वतःचा डब्ल्यू-२ जोडा. राज्याचं रिटर्न पाठवू नका, ते इथे कामाचं नाही.

आता खास आपल्याकडची चूक. डिसेंबरात कोल्हापूरला लग्न होतं, जानेवारीत मुलगा परत जातो, आणि मार्चमध्ये सवयीने 'सिंगल' म्हणून रिटर्न भरतो. बायको तर अजून भारतातच आहे ना! पण ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर त्या वर्षासाठी तुम्ही विवाहित आहात. एका फाइलीत आय-१३०वर लग्नाची तारीख नोव्हेंबरची आणि त्याच वर्षाच्या रिटर्नवर 'सिंगल', म्हणजे लग्न खरं आहे का, हा प्रश्न तुम्हीच अधिकाऱ्याच्या हातात दिलात.

दोन सरळ मार्ग आहेत. 'मॅरिड फायलिंग सेपरेटली' भरा. जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर नसलेल्यांसाठीचा टॅक्स नंबर) नसेल तर त्या जागी 'एनआरए', म्हणजे अनिवासी परदेशी, असं लिहितात. किंवा जोडीदाराला टॅक्ससाठी रहिवासी मानण्याचा पर्याय निवडून एकत्र रिटर्न भरा. त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्ज जोडून आयटीआयएन मागावा लागतो, आणि जोडीदाराचं भारतातलं उत्पन्नही त्या रिटर्नवर दाखवावं लागतं. कोणता मार्ग स्वस्त पडेल ते टॅक्सवाल्याला विचारा. चुकीचं भरून झालं असेल तर १०४०-एक्सने दुरुस्ती करा आणि दुरुस्तीची प्रतही फाइलीत ठेवा. मुलाखतीत चूक निघण्यापेक्षा दुरुस्त झालेली चूक परवडते.

*तपासा :* लग्नाची तारीख, रिटर्नवरची स्थिती आणि फॉर्मवरची वैवाहिक स्थिती या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचा.

टप्पा ६ : कमी पडत असेल तर, याच क्रमाने

*पहिला उपाय, घरातला माणूस.* तुमच्याच पत्त्यावर राहणारे आई, वडील, भाऊ, बहीण किंवा सज्ञान मूल आय-८६४ए भरून आपलं उत्पन्न तुमच्यात मिळवू शकतात. अट एकाच छपराची आहे. भाऊ दोन गल्ल्या सोडून राहत असेल तर तो इथे बसत नाही.

*दुसरा, जॉइंट स्पॉन्सर.* नातं लागत नाही. १८ वर्षांवरचा, अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक चालतो. एच-१बीवरचा मित्र कितीही कमावत असला तरी चालत नाही. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय : 'माझे १५,००० आणि त्यांचे १५,००० मिळून झाले ३०,०००.' तसं होत नाही. जॉइंट स्पॉन्सरने एकट्याने पूर्ण आकडा गाठावा लागतो, आणि तोही *त्याच्या* घरातली डोकी अधिक तुमचा जोडीदार, एवढ्यांसाठी. काकांचं घर चौघांचं असेल तर ते आता पाचांचं झालं. काकांचा स्वतंत्र आय-८६४, त्यांची ट्रान्सक्रिप्ट, आणि पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा ग्रीन कार्डची प्रत लागते.

काकांना विचारताना 'फक्त एक सही हवी आहे' असं म्हणू नका. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना काय भोगावं लागतं ते आपल्याकडे प्रत्येक गावात माहीत आहे, आणि ही सही त्याच जातीची आहे. हा सरकारशी केलेला करार आहे. जोडीदाराने गरजूंसाठीची ठरावीक सरकारी मदत घेतली तर तिची वसुली सही करणाऱ्याकडून होऊ शकते. ही जबाबदारी संपते ती जोडीदार नागरिक झाला, त्याच्या सोशल सिक्युरिटी खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा झाल्या, तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा देश सोडून गेला, किंवा दोघांपैकी कुणी वारलं तर. घटस्फोटाने ती संपत नाही. काकांना हे आधी सांगा. ऐकून ते नाही म्हणाले तर रागावू नका, त्यांनी कागद नीट वाचला एवढाच त्याचा अर्थ.

*तिसरा, मालमत्ता.* मी हा शेवटी ठेवतो, कारण कागद सगळ्यात जास्त आणि नाकारलं जाण्याची शक्यताही जास्त. स्पॉन्सर नागरिक असेल तर तुटीच्या तिप्पट, ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट मालमत्ता लागते. दोघांचं घर आणि उत्पन्न २०,००० असेल, तर २०२५ च्या तक्त्याने तूट ६,४३७. नागरिकाला १९,३११ डॉलरची मालमत्ता दाखवावी लागेल, ग्रीन कार्डधारकाला ३२,१८५ ची. जोडीदाराची मालमत्ताही यात धरता येते, आणि भारतातल्या पैशाचा उपयोग इथे होतो.

मात्र ती वर्षभरात, फार नुकसान न होता, रोख करता यायला हवी. कर्ज वजा जाऊन उरेल तेवढीच धरतात.

बँकेतली शिल्लक आणि मोडता येणारी एफडी सगळ्यात सोपी. गेल्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढा. आदल्या महिन्यात अचानक आलेली मोठी रक्कम असेल तर ती कुठून आली याचा कागद जोडा. फ्लॅट चालतो : सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आणि कर्ज असेल तर बँकेचं उरलेल्या रकमेचं पत्र. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. फ्लॅट आईबरोबर संयुक्त नावावर असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा धरा. पीपीएफची मुदतच १५ वर्षांची, तेव्हा त्यावर भिस्त नको. आणि गावची शेतजमीन विसरा. सातबाऱ्यावर चुलत्यांसकट पंधरा नावं, महाराष्ट्रात ती घ्यायला गिऱ्हाईकही शेतकरीच लागतं, आणि हे सगळं वर्षात कसं उरकणार, ते अधिकाऱ्याला पटवत बसावं लागतं.

पैसा भारताबाहेर नेता येतो, हेही एका ओळीत लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्याला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत, आणि अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात.

टप्पा ७ : आता फॉर्म

एकालाच स्पॉन्सर करताय, जॉइंट स्पॉन्सर नाही, आणि सगळं उत्पन्न डब्ल्यू-२वरच्या पगाराचं किंवा पेन्शनचं आहे, असं असेल तर आय-८६४ईझेड हा छोटा फॉर्म पुरतो. बाकीच्यांना मोठा. फॉर्म त्याच दिवशी नव्याने उतरवून घ्या.

नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा. लग्नानंतर तिने नाव बदललं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर माहेरचंच नाव. प्रश्न लागू नसेल तर सूचनेप्रमाणे 'एन/ए' किंवा 'नन' लिहा, रकाना कोरा ठेवू नका. सही पेनाने करा आणि तारीख घाला. फक्त सही राहिली म्हणून परत आलेल्या फाइली मी पाहिल्यात. हसू येतं, पण त्यात दोन-तीन महिने गेलेले असतात.

मुलांबद्दल एक फरक लक्षात ठेवा. स्पॉन्सर नागरिक असेल तर व्हिसा लागणाऱ्या प्रत्येक मुलाचा आय-१३० वेगळा आणि आय-८६४ही वेगळा. ग्रीन कार्डधारकाच्या एफ२ए (जोडीदार आणि मुलांची व्हिसा श्रेणी) फाइलीत मुलं आई किंवा वडिलांच्याच फाइलीवर येऊ शकतात.

टप्पा ८ : सीईएसीवर, म्हणजे व्हिसाच्या सरकारी साइटवर चढवणं

आधी फी : आर्थिक हमीची १२० डॉलर, व्हिसा अर्जाची माणशी ३२५. पैसे 'पेड' दिसायला काही दिवस लागतात, त्याआधी कागद चढवता येत नाहीत. प्रत्येक कागदाची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, सरळ आणि वाचता येईल अशी. फोनवर तिरके काढलेले फोटो देऊ नका. सबमिट दाबण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी फाइल वाचायला द्या. त्या माणसाला तुमचं वार्षिक उत्पन्न आणि घरातली डोकी कागदांवरून सांगता आली, तर फाइल तयार आहे.

टप्पा ९ : मुलाखतीपर्यंत कागद ताजे ठेवा

फाइल पूर्ण झाल्याचं एनव्हीसीने कळवल्यावर मुलाखतीला काही महिने लागू शकतात. भारतातल्या बहुतांश इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. मधल्या काळात १५ एप्रिल, म्हणजे रिटर्नची मुदत, उलटला असेल तर नव्या वर्षाची ट्रान्सक्रिप्ट जोडीदाराकडे पाठवा. नोकरी बदलली असेल तर नवं पत्र आणि स्लिपा, घरात बाळ आलं असेल तर डोकी पुन्हा मोजा. जोडीदाराने पूर्ण आय-८६४ एकदा वाचून जावा. 'नवरा काय करतो, किती कमावतो?' या प्रश्नाला 'आयटीमध्ये आहे' एवढंच उत्तर कमी पडतं.

२२१(जी)ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडकल्याची चिठ्ठी मिळाली तर घाबरून सगळी फाइल पुन्हा पाठवू नका. चिठ्ठीत ज्यावर खूण असेल तेवढाच कागद, सांगितलेल्या मार्गाने द्या. जॉइंट स्पॉन्सर मागितला असेल तर तुमचे कागद पुन्हा पाठवून भागणार नाही, तो शोधावाच लागेल.

जोडीदार पोचल्यावरही स्पॉन्सरचं एक काम उरतं. घर बदललं की ३० दिवसांत आय-८६५ भरून नवा पत्ता कळवायचा. जॉइंट स्पॉन्सर असलेल्या काकांनाही हे लागू आहे, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.